अटी कोणाच्या?

केनियात 2007 च्या आधी नैरोबीत मजुरी करणाऱ्या माणसाला गावी पैसे पाठवायचे असले, तर त्याच्यापुढे मोजकेच रस्ते होते. गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती पाकीट द्यायचे, बसच्या ड्रायव्हरवर भरवसा टाकायचा, नाहीतर पोस्टाच्या रांगेत उभे राहायचे. पैसे पोचायला दिवस लागत. कधी ते पोचतच नसत. गिरणगावातल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर ज्या घरांची चूल पेटत असे, त्या कोकणातल्या घरांना ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे निदान पोस्टमन दारात येत असे. केनियात टपाल पेटीक्रमांकावर येते, घरपोच नाही. त्यामुळे खेड्यातल्या म्हातारीला तोही आधार नव्हता.

मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही सेवा आणली. मुळात तिची आखणी वेगळ्याच कामासाठी झाली होती. ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या अनुदानातून व्होडाफोनने 2005 मध्ये थिका या गावाच्या परिसरात एक प्रयोग केला होता. लहान कर्जे घेणाऱ्या गटांनी हप्ते मोबाइलवरून फेडावेत, असा बेत होता. लोकांनी ती सोय हप्त्यांपेक्षा एकमेकांना पैसे पाठवायला वापरली. नवऱ्याने बायकोला, लेकीने आईला, एका गावच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला. कंपनीने ते पाहिले, हप्त्यांचा बेत बाजूला ठेवला आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्या एकाच आवाहनावर सेवा बाजारात उतरवली. ज्यांच्यासाठी वस्तू करायची ते ती कशी वापरतात हे बघून तिचा आकार बदलणे, हे विकासाच्या प्रकल्पांत फार क्वचित घडते. म्हणून ते आवर्जून नोंदवले.

या सेवेला स्मार्टफोन लागत नव्हता, इंटरनेटही लागत नव्हते. मेनू सिम कार्डातच होता आणि साध्या बटणांच्या फोनवर चालत होता. नाक्यावरच्या दुकानात रोख रक्कम द्यायची, ती आपल्या नंबरवर जमा होते. मग हव्या त्या नंबरवर ती पाठवायची. पलीकडच्या माणसाने आपल्या जवळच्या दुकानातून ती रोख काढून घ्यायची. किराणा माल आणि फोनचे रिचार्ज विकता विकता दुकानदार हे काम करतात आणि प्रत्येक व्यवहारामागे त्यांना कमिशन मिळते. काम दिसते तितके सोपे नाही. दुकानदाराकडे गल्ल्यात रोख आणि फोनमध्ये शिल्लक, दोन्ही असावे लागते. शहरात लोक पैसे भरतात, खेड्यात काढतात. त्यामुळे शहरातल्या दुकानदाराची फोनमधली शिल्लक आटते आणि खेड्यातल्याचा गल्ला रिकामा होतो. खेड्यातल्या दुकानदाराला मग मोठ्या गावच्या बँकेत जाऊन रोकड आणावी लागते, आणि परतताना वाटेत लुटले जाण्याची भीती असते. डिजिटल क्रांतीच्या वर्णनांत हा माणूस सहसा नसतो. माझ्या मते तो तिचा कणा आहे.

पैसा कोणाच्या ताब्यात राहतो, हा दुसरा मुद्दा. लोकांनी भरलेला प्रत्येक शिलिंग व्यापारी बँकांमधल्या विश्वस्त खात्यात ठेवला जातो. सफारीकॉमला त्याला हात लावता येत नाही, तो कोणाला कर्जाऊ देता येत नाही. उद्या कंपनी अडचणीत आली तरी लोकांचा पैसा तिच्याबरोबर बुडू नये, ही त्यामागची तजवीज आहे. त्या काळी अशा सेवेसाठी केनियात कायदाच नव्हता. मध्यवर्ती बँकेने ही व्यवस्था तपासली आणि आपली हरकत नसल्याचे पत्र दिले. 2008 च्या अखेरीस बँकांच्या दबावामुळे अर्थखात्याने सेवेची चौकशी करायला लावली, तिच्यातूनही सेवा तरली. देयक व्यवस्थेचा कायदा 2011 मध्ये झाला आणि नियम 2014 मध्ये. आधी सगळे नियम लिहून मगच परवानगी द्यायची असे बँकेने ठरवले असते, तर एम-पेसा जन्मालाच आली नसती. आणि डोळे मिटून परवानगी दिली असती, तर लोकांचा पैसा कंपनीच्या हिशेबात मिसळला असता. या दोहोंच्या मधली वाट काढणारे अधिकारी एका गरीब देशाच्या मध्यवर्ती बँकेत होते. केनियाच्या या कथेचे श्रेय वाटताना त्यांचा वाटा पहिला धरायला हवा.

परिणाम मोजले गेले आहेत. केनियात औपचारिक आर्थिक सेवा वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 2006 मध्ये 26.7 टक्के होते, ते 2021 मध्ये 83.7 टक्क्यांवर गेले. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती गोळा केली. घरात आजारपण आले, पीक गेले किंवा नोकरी सुटली, की एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबांचा खर्च सुमारे 7 टक्क्यांनी खाली येई. वापरणाऱ्यांचा खर्च टिकून राही, कारण अडचणीच्या वेळी दूरचे नातलग आणि मित्र थोडे थोडे पैसे पाठवू शकत होते. 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी लिहिले की एम-पेसामुळे सुमारे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे केनियातली 2 टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली, आणि सुमारे 1,85,000 स्त्रिया शेतीतून लहान धंद्याकडे वळल्या. स्त्रीच्या नावावर, तिच्या फोनमध्ये आणि तिच्याच गुप्त क्रमांकाखाली राहणारे पैसे ही मोठी गोष्ट होती. या अभ्यासात मोजमापाचा आधार होता तो घराजवळ किती दुकानदार नव्याने उभे राहिले हा. म्हणजे पुन्हा तोच नाक्यावरचा माणूस.

या निष्कर्षांवर टीकाही झाली. मिलफर्ड बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये असा आक्षेप घेतला की नवे लहान धंदे मोजले गेले, पण त्यांच्या स्पर्धेमुळे बंद पडलेले मोजले गेले नाहीत. वाढता कर्जबाजारीपणा आणि नफ्याच्या रूपाने देशाबाहेर जाणारा पैसाही हिशेबात आला नाही. मला ही टीका पूर्ण पटत नाही. घरी पैसे पोचणे हे मोल असलेले काम आहे, मग त्यातून नवा उद्योग उभा राहो वा न राहो. कर्जाबद्दल मात्र टीकाकारांचे बोट नेमक्या जागी पडले आहे.

2012 च्या नोव्हेंबरात एम-पेसाला जोडून एम-श्वारी आली. फोनचा वापर आणि पैशांची ये-जा बघून यंत्र काही क्षणांत ठरवी की या माणसाला किती उचल द्यायची. तीस दिवसांसाठी शुल्क 7.5 टक्के होते. महिन्याला एवढे म्हणजे वर्षाला किती, हा हिशेब फोनच्या छोट्या पडद्यावर कोणी मांडत नसे. पाठोपाठ कर्ज देणाऱ्या ॲपची रांग लागली. काही ॲप फोनमधले सगळे नंबर उचलत आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या सासऱ्याला, मालकाला, चर्चमधल्या ओळखीच्यांना फोन करून त्याची अब्रू काढत. किरकोळ रकमेच्या थकबाकीसाठी माणसांची नावे कर्ज माहिती संस्थांच्या यादीत गेली आणि पुढे बँकेची दारे त्यांना बंद झाली. 2020 मध्ये मध्यवर्ती बँकेने 1,000 शिलिंगपेक्षा कमी थकबाकीसाठी नाव यादीत टाकायला मनाई केली. ही रक्कम तेव्हा दहा डॉलरहूनही कमी होती. कर्ज देणाऱ्या ॲपना परवाना सक्तीचा करणारे नियम मार्च 2022 मध्ये आले. पैसे पाठवण्याच्या बाबतीत अटी आधी ठरल्या होत्या, कर्जाच्या बाबतीत त्या दहा वर्षे उशिरा आल्या. फोन तेच होते, माणसे तीच होती.

हे मी इतके सविस्तर सांगतो आहे, कारण गरीब देशांत तंत्रज्ञानाने विकास होतो की नाही हा प्रश्न असा मोघम विचारून हाती काही लागत नाही. पैसा कोणाच्या ताब्यात, चूक झाली तर दाद कुठे मागायची, मधल्या माणसाला काय मिळते, माहिती कोणाच्या मालकीची आणि नियम लिहिताना खोलीत कोण होते, एवढे विचारले की चित्र स्पष्ट होऊ लागते. या संग्रहातले लेख निरनिराळ्या देशांविषयी आहेत. वाचताना हे प्रश्न हाताशी ठेवावेत, एवढे मला वाचकाकडे मागायचे आहे.

एका देशातले यश उचलून दुसऱ्या देशात ठेवता येत नाही, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. एम-पेसा 2013 मध्ये भारतात आली आणि 2019 मध्ये तिने गाशा गुंडाळायला घेतला. इथे रिझर्व्ह बँकेने पहिल्यापासून बँक खाते केंद्रस्थानी ठेवले होते. पुढे जनधन खाती आली, 2016 मध्ये यूपीआय आले, आणि पैसे फिरवण्याचा रस्ता एका कंपनीच्या मालकीचा न राहता सगळ्या बँकांच्या सामाईक वापराचा झाला. दक्षिण आफ्रिकेतही एम-पेसा 2010 मध्ये सुरू होऊन 2016 मध्ये बंद पडली. तिथे बँका आधीच लोकांपर्यंत पोचलेल्या होत्या. केनियाचा मार्ग केनियाच्या परिस्थितीतून निघाला होता. त्याची किंमतही केनियाने मोजली: एकाच कंपनीचे वर्चस्व इतके वाढले की पैसे पाठवायला किती शुल्क लागेल हे बऱ्याच अंशी तीच ठरवू लागली. मार्च 2020 पासून महासाथीच्या काळात मध्यवर्ती बँकेने 1,000 शिलिंगपर्यंतच्या रकमेवरचे शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ करायला लावले, तेव्हा लहान व्यवहारांची संख्या झपाट्याने वाढली. मंडईतल्या भाजीवालीला फोनने पैसे घेणे नको होते असे नाही. प्रत्येक लहान विक्रीमागे जाणारे शुल्क तिला परवडत नव्हते.

त्याच महासाथीत पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्या देशाने एप्रिल 2020 मध्ये ‘नोव्हिसी’ नावाची मदत योजना काढली. हातावर पोट असलेल्या लोकांनी साध्या फोनवरून एक छोटा क्रमांक लावायचा, मतदार ओळखपत्राचा आकडा द्यायचा. पात्र असतील तर पैसे थेट मोबाइल खात्यावर. पुरुषांना महिन्याला 10,500 फ्रँक आणि स्त्रियांना 12,250, कारण घर स्त्री चालवते हे सरकारने गृहीत धरले. सुरुवातीला मदत राजधानी लोमे आणि आसपासच्या भागापुरती होती. खेड्यांत नेताना गरीब कोण हे ओळखायला उपग्रहाची छायाचित्रे आणि फोनच्या वापराच्या नोंदी यांवर यंत्राला शिकवले गेले. अभ्यासकांनी नंतर ताडून पाहिले तेव्हा दिसले की केवळ भूभाग किंवा व्यवसाय बघून निवड करण्यापेक्षा ही पद्धत कमी चुका करते. सगळ्यांची नोंदवही असती तर ती याहून बरी ठरली असती. आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याची नोंदच उमटत नाही, म्हणजे सर्वांत गरीब माणूस यंत्राला दिसतच नाही. मला टोगोचा प्रयत्न आदराचा वाटतो. मात्र तशी पद्धत कायमची करायची असेल, तर सुटलेल्या माणसाने तक्रार कुठे करायची याचे उत्तर आधी हवे.

लहान व्यवहारांवरचा भार लोकांना परवडत नाही, हा धडा कराच्या बाबतीत सरकारांनाही घ्यावा लागला. युगांडाने जुलै 2018 मध्ये मोबाइल व्यवहारांवर 1 टक्का कर बसवला. लोकांनी इतका विरोध केला की काही महिन्यांत तो निम्मा करावा लागला. घानाने मे 2022 मध्ये पाठवलेल्या रकमेवरच 1.5 टक्के कर लावला, पुढे तो 1 टक्का केला आणि 2025 मध्ये रद्द केला. केनियाने रकमेवर नव्हे, शुल्कावर कर घेतला; 2013 मधल्या 10 टक्क्यांपासून तो 2023 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत चढला आहे. या सरकारांना पैसा हवा असतो हे खोटे नाही. शाळा आणि दवाखाने त्यातूनच चालतात. पण देशात एकही कार्यालय नसलेल्या परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींच्या उत्पन्नावर कर बसवणे अवघड आणि आईला पैसे पाठवणाऱ्या मुलावर बसवणे सोपे, म्हणून दुसरा रस्ता धरला जातो. ऑक्टोबर 2021 मध्ये मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कराबाबत 136 देशांचा समझोता झाला तेव्हा केनिया आणि नायजेरिया त्यात सामील झाले नाहीत. हाती येणारा वाटा आपला अधिकार सोडून देण्याच्या किमतीचा नाही, असे त्यांचे गणित होते.

इथून विषय व्यापाराकडे वळतो. 1998 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी ठरवले की इलेक्ट्रॉनिक मार्गाने सीमेपार जाणाऱ्या गोष्टींवर तूर्त सीमाशुल्क लावायचे नाही. तेव्हा गाणी कॅसेटवर होती, चित्रपट रिळांत होते, पुस्तके छापील होती आणि संगणकाचे प्रोग्रॅम पेट्यांतून येत होते. बंदरावर त्यांच्यावर शुल्क लागत होते. आज यातले बहुतेक तारांमधून येते. ज्या देशांच्या तिजोरीत सीमाशुल्काचा वाटा मोठा आहे त्यांचे उत्पन्न त्या मानाने घटते, आणि स्वतःच्या सॉफ्टवेअर उद्योगाला सुरुवातीची वर्षे संरक्षण द्यायचे म्हटले तर ते साधनही हाती राहत नाही. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी हा आक्षेप सातत्याने मांडला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेच्या 2019 मधल्या एका अभ्यासाने वार्षिक तोटा सुमारे 10 अब्ज डॉलर काढला आणि त्यातला 95 टक्के विकसनशील देशांच्या माथी येतो असे म्हटले. दुसरे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की हा आकडा फुगलेला आहे, आणि स्वस्तात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा गरीब देशांतल्या लहान धंद्यांनाच फायदा होतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला खटकते ती मुदतवाढीची रीत. ‘तूर्त’ म्हणून केलेला करार एकामागून एका मंत्री परिषदेत वाढत गेला आणि अबू धाबीत 2024 मध्ये तो पुन्हा वाढवला गेला, पुढच्या परिषदेपर्यंत किंवा 31 मार्च 2026 पर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर.

याच्याच जोडीला काही देशांनी मिळून डिजिटल व्यापाराचे वेगळे नियम लिहायला घेतले. वाटाघाटी 2019 मध्ये दावोसमध्ये 76 सदस्यांनी जाहीर केल्या. भारत बाहेर राहिला, दक्षिण आफ्रिकाही. सीमेपार डेटा मोकळा वाहू द्यावा आणि कंपन्यांना आपला सोर्स कोड उघड करायला भाग पाडू नये, अशी कलमे अमेरिकेने लावून धरली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये तिने स्वतःच ती मागे घेतली, कारण आपल्याच देशात या कंपन्यांवर नियम करायचे झाल्यास ती आड येतील असे तिला वाटले. बलवान देशाला असे मत बदलता येते. ज्या देशाच्या व्यापार खात्यात या विषयाला वाहिलेले मोजके अधिकारी असतात, त्याने एकदा सही केली की ती मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून अशा देशांना मदत म्हणून संगणक देण्याबरोबरच वकील आणि वाटाघाटी करणारी माणसे घडवायला पैसा द्यावा, असे मला फार कळकळीने वाटते.

माणसांच्या श्रमाकडेही पाहायला हवे. नैरोबीत तरुण मुलेमुली समाजमाध्यमांवरचे हिंसक मजकूर आणि चित्रफिती तासन्‌तास बघून गाळण्याचे काम करत आली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी तसाच मजकूर वाचून त्यावर खुणा करण्याचे कामही तिथे झाले आहे. या दुसऱ्या कामासाठी तासाला दोन डॉलरहून कमी मजुरी दिली गेल्याचे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी 2023 मध्ये उघड केले. हीसुद्धा निर्यातच आहे, सेवांची. फेसबुकवरचा मजकूर गाळणाऱ्या मुलांची नेमणूक मधल्या कंत्राटदाराने केली होती, म्हणून आपली जबाबदारी नाही, असा पवित्रा फेसबुकच्या मालक कंपनीने घेतला. तिच्यावर केनियात खटला चालू शकतो, असे तिथल्या अपील न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले. डिजिटल व्यापारातून गरीब देशांना रोजगार मिळेल असे जे म्हणतात, त्यांनी या खटल्याकडे लक्ष ठेवावे.

तारा आणि वीज यांबद्दल थोडक्यात. पूर्व आफ्रिकेचा किनारा समुद्राखालच्या केबलने 2009 मध्ये जगाशी जोडला गेला. त्याआधी सगळा भार महागड्या उपग्रहांवर होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 च्या अंदाजानुसार जगातले 68 टक्के लोक तेव्हा इंटरनेट वापरत होते; श्रीमंत देशांत हे प्रमाण 93 टक्के होते आणि सर्वांत गरीब देशांत 27. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे 60 कोटी लोकांच्या घरी वीजच नाही.

आफ्रिकेची स्वतःची वाट मात्र आखली जाते आहे, आणि मला सर्वांत आशा तिच्याबद्दल आहे. केनिया आणि युगांडाच्या सीमेवरच्या बुसिया गावात टोपल्या घेऊन पलीकडे विकायला जाणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्यासारख्यांसाठी पूर्व आफ्रिकी समुदायाने 2,000 डॉलरपर्यंतच्या मालाला सोपे मूळ-प्रमाणपत्र ठेवले आहे. दोन शेजारी आफ्रिकी देशांतले पैसेही एरवी युरोप-अमेरिकेतल्या बँकांतून, डॉलरमध्ये फिरून येत. ते थेट आपापल्या चलनांत चुकते व्हावेत म्हणून जानेवारी 2022 मध्ये आफ्रिकेची सामाईक देयक प्रणाली अधिकृतपणे सुरू झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये आफ्रिकी संघाने खंडाच्या मुक्त व्यापार कराराला जोडून डिजिटल व्यापाराचा उपकरार स्वीकारला. डेटा, डिजिटल ओळख, सीमापार देयके, सोर्स कोड हे सगळे विषय त्याच्या कक्षेत आहेत. त्याला आता देशोदेशींच्या संसदांची मंजुरी मिळवायची आहे. बुसियाच्या बायकांचा माल, त्यांचा फोन आणि त्यांचे पैसे या तिन्हींना सीमेवर एकाच कागदाने पलीकडे जाता येईल की प्रत्येकाला वेगळी रांग लागेल, हे त्या मंजुऱ्यांवर आणि त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या नियमांवर ठरेल. पुढचे लेख या टप्प्यापासून सुरू होतात.